गाईंचं डीआरबी३ टायपिंग: जेलवरचे बँड वाचायचे की थेट सिक्वेन्स?

गाईंच्या रोगप्रतिकारशक्तीचे जनुकीय मार्कर शोधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा बीओएलए-डीआरबी३ (बीओएलए म्हणजे गाईंची प्रतिकारशक्तीची, एमएचसी, जनुकं) या जनुकाच्या दुसऱ्या एक्झॉनपाशी, म्हणजे प्रथिनाची माहिती असलेल्या भागापाशी, येऊन थांबतो. ते का, हे इथे उगाळत बसत नाही. याच कुटुंबातला डीआरए सगळ्या गाईंत जवळपास सारखाच, डीआरबी१ निकामी, डीआरबी२ जेमतेम व्यक्त होणारा. खरी विविधता आणि खरं काम डीआरबी३ मध्येच. पुढचा प्रश्न मात्र टायपिंगच्या, म्हणजे कोणत्या गाईत या जनुकाचा कोणता प्रकार आहे ते ओळखण्याच्या, रोजच्या कामातला आहे. पीसीआर, म्हणजे त्या भागाच्या असंख्य प्रती काढणं, झालं; २८४ बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा नळीत तयार आहे. आता तो रिस्ट्रिक्शन एन्झाइमने, म्हणजे ठरावीक अक्षरांच्या जागी डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमने, कापून जेलवर वाचायचा, म्हणजे आरएफएलपी करायचं, की सरळ सिक्वेन्सिंगला, म्हणजे अक्षर न अक्षर वाचायला, पाठवायचा?

मी दोन्ही केलं आहे. सुरुवातीची काही वर्षं जेल, त्यानंतर आजतागायत सँगर सिक्वेन्सिंग. दोन्हीकडे बरेवाईट दिवस पाहिले, त्यामुळे एक चांगली आणि दुसरी टाकाऊ असं म्हणणार नाही. पण माझा कल कुठे आहे ते लपवणारही नाही, आणि तो ज्या एका गोष्टीमुळे ठरला ती जरा सविस्तर सांगणार आहे.

आधी आरएफएलपीच्या बाजूने बोलतो, कारण तिच्यावर मी शिकलो. व्हॅन आइक, स्टुअर्ट-हेन्स आणि लेविन यांनी १९९२ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा तिने मोठीच सोय केली. त्याआधी रक्तपेशींवर सिरम टाकून प्रकार ओळखावे लागत. ते सिरम गोळा करणं, टिकवणं, दुसऱ्या प्रयोगशाळेच्या सिरमशी जुळवणं हे सगळं जिकिरीचं काम. इथे तीन एन्झाइम: आरएसए-१, बीएसटीवाय-१ आणि एचएई-३. प्रत्येकाने पडणाऱ्या नमुन्याला एक अक्षर, तीन अक्षरं मिळून एक प्रकार, आणि त्या प्रकाराला एक क्रमांक: डीआरबी३.२*८, *१६, *२३ वगैरे. पहिल्या यादीत ३० प्रकार होते, पुढे ती ५४ पर्यंत गेली. पीसीआर यंत्र, दोन तापमानांची सोय, पॉलिॲक्रिलामाइड जेल आणि धीर एवढ्यावर काम होतं. सकाळी काढलेल्या डीएनएचं उत्तर दुसऱ्या दिवशी हातात. कुणाच्या मशिनची, कुणाच्या रांगेची वाट पाहायची नाही.

आणखी एक फायदा सहसा कुणी बोलून दाखवत नाही. कासदाह, दुधातल्या सोमॅटिक पेशी (कासेच्या दाहाची खूण), ल्युकेमिया विषाणू यांच्याशी डीआरबी३ चा संबंध तपासणारं १९९० च्या दशकातलं बरंच काम याच क्रमांकांच्या भाषेत आहे. तुमचा निकालही त्याच भाषेत असेल तर जुन्या निबंधातला तक्ता समोर ठेवून लगेच ताडून पाहता येतो. आणि शिकणाऱ्याचा हात बसवायला जेलसारखी शाळा नाही. तीन एन्झाइमांचे बँड स्वतः मोजून ज्याने तीन अक्षरं लिहिली, त्याला त्या २८४ बेसच्या तुकड्यात कुठे काय आहे ते पाठ होऊन जातं. आजही क्रोमॅटोग्राम (सिक्वेन्सिंगचा आलेख) वाचताना ‘जीटीएसी’ दिसलं की आरएसए-१ इथे कापणार, असं मनात आपोआप येतं. ती समज जेलनेच दिली.

आता अडचण.

आरएसए-१ चे दोन नमुने घ्या. एका प्रकारात तुकडे पडतात १११, ५४, ५०, ३९ आणि ३० बेसचे. दुसऱ्या प्रकारात ७८, ५४, ५०, ३९, ३३ आणि ३० चे. दोन्हींची बेरीज २८४. फरक एवढाच, की दुसऱ्या प्रकारात १११ च्या तुकड्यात एन्झाइमला आणखी एक जागा सापडते आणि त्याचे ७८ व ३३ होतात. एखाद्या गाईत हे दोन्ही ॲलील, म्हणजे जनुकाचे प्रकार, असतील तर जेलवर १११ ही दिसेल, ७८ ही दिसेल आणि ३३ ही. वाचणारा म्हणतो, हेटेरोझायगस, म्हणजे दोन वेगळे ॲलील असलेली. बरोबर.

पण एखादी गाय फक्त दुसऱ्या प्रकाराची, म्हणजे होमोझायगस असेल आणि तिच्या नळीत एन्झाइमचं काम अर्धवट झालं असेल, तर? तेव्हाही १११ दिसेल, ७८ दिसेल आणि ३३ दिसेल. हुबेहूब तेच चित्र. डोळ्याने या दोहोंत फरक करायला काही म्हणजे काही नाही. बँडच्या गडदपणावरून अंदाज बांधता येतो असं म्हणतात, मीही बांधायचो. पण ३०-३३ बेसचे बँड जेलच्या तळाशी इतके पुसट येतात की त्यांच्या गडदपणावर पैज लावू नये.

एचएई-३ मध्ये हाच सापळा वेगळ्या आकड्यांत आहे. २१९ चा तुकडा म्हणजे १६७ आणि ५२ यांची न झालेली फोड असू शकते. आणि बीएसटीवाय-१ मध्ये तर २८४ चा अख्खा, न कापलेला तुकडा हा यादीतला रीतसर नमुना आहे. म्हणजे एन्झाइमने कामच केलं नाही, तरी तुमच्या वहीत एक वैध अक्षर लिहिलं जातं. हा एन्झाइम ६० अंशांवर चांगला चालतो. झाकण गरम नसलेल्या जागी नळी ठेवली की तासाभरात झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमतात, खाली मीठ घट्ट होत जातं आणि एन्झाइम मंदावतो. वरून पाहिलं तर नळी ठीकच दिसते. मी नंतर प्रत्येक नळीवर तेलाचा थेंब टाकायला लागलो, त्याने बराच फरक पडला. तरी ‘बराच’ म्हणजे ‘पूर्ण’ नव्हे.

हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. डोक्यात कायमचं बसलं ते एका कालवडीमुळे.

कळपातल्या आई-मुलींच्या जोड्या घेऊन आम्ही टायपिंग करत होतो. ही कालवड आरएसए-१ वर हेटेरोझायगस आली: १११ ही आणि ७८ ही. तिच्या आईचा नमुना आधीच झाला होता, फक्त ७८ चा. म्हणजे १११ बापाकडून आलं असणार. नोंदीत ज्या वळूचं रेतन होतं त्याचाही डीएनए आमच्याकडे होता. तो लावला, तर तोही फक्त ७८ चा. दोन्ही पालकांकडे नसलेला ॲलील मुलीकडे कुठून आला? माझा पहिला संशय नोंदवहीवर गेला. रेतनाच्या तारखेत गोंधळ असेल, दुसऱ्याच वळूच्या वीर्याची कांडी वापरली गेली असेल, असं मी ठरवूनच टाकलं आणि कळप सांभाळणाऱ्या काकांना तसं विचारलं. ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि वही घेऊन आले. कांडीचा क्रमांक, तारीख, वेळ, माजाची लक्षणं, सगळं त्यांच्या सुवाच्य अक्षरात. पुढे-मागे महिनाभर त्या गाईला दुसरं रेतनच नव्हतं. ‘माझ्याकडून चूक झालेली नाही, साहेब,’ एवढंच म्हणाले.

परत येऊन मी त्या कालवडीचं पीसीआर पुन्हा केलं, तुकडा आधी नीट शुद्ध केला, नव्या कुपीतला एन्झाइम घेतला आणि रात्रभर ठेवला. सकाळी जेलवर १११ चा मागमूस नव्हता. कालवड तिच्या आई-बापासारखीच होती. मी जाऊन काकांची माफी मागितली.

तुम्ही म्हणाल, कंट्रोल लावला नव्हता का? लावला होता. माहीत असलेल्या होमोझायगस गाईचा तुकडा त्याच दिवशी, त्याच एन्झाइमने, त्याच डब्यात कापला होता आणि तो स्वच्छ कापला गेला होता. पण कंट्रोलची नळी शेजारच्या नळीची हमी देत नाही. एका नळीत पीसीआरचा तुकडा जास्त तयार झालेला असतो, दुसरीत पीसीआरचं बफर थोडं जास्त आलेलं असतं, तिसरीत डीएनए काढतानाचा अल्कोहोल पुरता उडालेला नसतो. प्रत्येक नळीचं स्वतःचं नशीब. हे कळल्यावर मला खरी रुखरुख लागली ती जुन्या वहीची. या कालवडीचे आई-बाप दोघंही हाताशी होते म्हणून चूक पकडली गेली. ज्या गाईंचे पालक नव्हते, त्यांच्या रकान्यात मी लिहिलेल्या ‘हेटेरोझायगस’पैकी किती खरे? ते सांगायला त्या जेलच्या फोटोंत काहीच नव्हतं.

माझा निर्णय इथे ठरला. पद्धतीत चूक होणारच, ती कुठल्या पद्धतीत होत नाही? पण आरएफएलपीची चूक रिकाम्या जागेसारखी दिसत नाही, ती एका वेगळ्या आणि पटण्याजोग्या उत्तरासारखी दिसते. हे मला झेपलं नाही.

सिक्वेन्सिंगमध्येही त्रास आहेतच, तेही प्रामाणिकपणे सांगतो. थेट पीसीआरचा तुकडा सिक्वेन्स केला की हेटेरोझायगस गाईत दोन्ही ॲलील एकावर एक छापल्यासारखे येतात. जिथे फरक आहे तिथे दोन पीक, एकाखाली एक. या एक्झॉनमध्ये तर फरकांचे पुंजकेच आहेत, त्यामुळे एखादा क्रोमॅटोग्राम पहिल्यांदा पाहणाऱ्याला नमुना खराब झाला असं वाटू शकतं. मग ते मिश्र अक्षरांचं वाचन आयपीडी-एमएचसी या डेटाबेसमधल्या ज्ञात ॲलीलच्या सगळ्या जोड्यांशी ताडायचं आणि कोणती जोडी बसते ते पाहायचं. २००३ मध्ये मिल्टियाडू, लॉ आणि रसेल यांनी याच कामासाठी हॅप्लोफाइंडर नावाचा प्रोग्राम वापरून रीतसर पद्धत घालून दिली. क्वचित दोन वेगळ्या जोड्या एकच मिश्र वाचन देतात. त्यात एखादा ॲलील डेटाबेसमध्ये नसलेला असेल तर कोणता फरक कोणत्या धाग्यावर आहे ते सुटत नाही, आणि तुकडा क्लोन करून, म्हणजे दोन्ही ॲलील सुटे करून, परत वाचावा लागतो.

काही ॲलीलमध्ये एक अख्खा कोडॉन (तीन बेसचा गट) गळालेला असतो. अशा ॲलीलची जोडी साध्या ॲलीलशी पडली, की त्या जागेपासून पुढे दोन्ही वाचनं तीन बेसनी सरकतात आणि चित्र गढूळ होतं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी दोन वेळा नमुना परत पाठवला होता. उलट्या बाजूने वाचल्यावर उलगडा झाला: तिकडून वाचलं तर गढूळपणा त्याच जागेपासून सुरू होतो, फक्त दुसऱ्या दिशेला. तेव्हापासून प्रत्येक नमुना दोन्ही बाजूंनी वाचायचा हा माझा नियम आहे. खर्च वाढतो, वेळही वाढतो.

पण पाहा, या सगळ्या अडचणी समोर दिसतात. गढूळ भाग गढूळ दिसतो. न जुळणारी जोडी ‘जुळत नाही’ म्हणून येते. कमकुवत दुसरं पीक असेल तर ते पीक तरी असतं. त्याच्यावर बोट ठेवून म्हणता येतं की इथे मला खात्री नाही. आणि ती फाइल जपून राहते. काही वर्षांपूर्वी जो नमुना ‘अनिश्चित’ म्हणून बाजूला ठेवला होता, तो डेटाबेसमध्ये नवे ॲलील आल्यावर परत उघडला आणि पाच मिनिटांत सुटला. गाय तोवर कळपात नव्हतीही. जेलच्या फोटोतून असं नवं काही निघत नाही.

दुसरं कारण शास्त्राच्या बाजूचं आहे, आणि माझ्या अनुभवापेक्षा ते कदाचित जास्त वजनदार ठरेल. आरएफएलपीचा एक क्रमांक म्हणजे एक ॲलील नव्हे. एन्झाइम फक्त स्वतःच्या चार-सहा अक्षरांच्या जागा पाहतो, मधलं बाकी काही पाहत नाही. *१६ या नावाखाली ०१५ गटातले (हे आकडे सिक्वेन्सवरून दिलेल्या नावांचे) एकाहून जास्त ॲलील येतात, आणि *२३ खाली ०२७ गटातली बरीच भावंडं. *१६ चं कासदाहाशी नातं तपासणारे निबंध शेजारी ठेवून वाचा. १९९७ मधल्या कामात तो कासेच्या तीव्र संसर्गाच्या बाजूला पडलेला दिसतो, तर १९९८ मध्ये कॅनडातल्या होल्स्टीन गाईंत तोच सोमॅटिक पेशी कमी असण्याशी जोडलेला दिसतो. याची कारणं अनेक असू शकतात: कळप वेगळे, जंतू वेगळे, शेजारच्या जनुकांचा प्रभाव वेगळा. सगळा दोष नावावर टाकणं बरोबर नाही. तरी एकाच नावाखाली वेगवेगळे ॲलील गोळा झाले असतील तर असा विरोधाभास आणखी वाढणार, एवढं मानायला हरकत नसावी.

याउलट ल्युकेमिया विषाणूचं उदाहरण घ्या. संसर्ग झालेल्या काही गाईंत लिम्फोसाइट (रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढून तसेच वाढलेले राहतात, काहींत राहत नाहीत. १९९३ मध्ये दिसलं की *११, *२३ आणि *२८ हे प्रकार या वाढीला विरोध करणाऱ्या बाजूचे आहेत. आणि त्यांचा समान धागा सापडला तो सिक्वेन्स वाचल्यावर: ७० व ७१ या जागांवर ग्लुटामिक आम्ल आणि आर्जिनिन. नंतरच्या कामात *११ खाली येणारा डीआरबी३*००९:०२ हा ॲलील असलेल्या गाईंत रक्तातला विषाणूचा भार कमी आणि *०१५:०१ वाल्या गाईंत जास्त, असं वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसत आलं. म्हणजे ज्या पातळीवर जीवशास्त्र चालतं ती पातळी अमिनो आम्लाची आहे. सिक्वेन्स हातात असेल तर तुम्ही ७० आणि ७१ या जागा स्वतः पाहू शकता. जेलवर फक्त क्रमांक असतो. त्या क्रमांकाच्या पोटात या जागी काय असेल, ते गृहीत धरावं लागतं.

हे टायपिंग शेवटी कशासाठी वापरणार, यावरही बरंच अवलंबून आहे. शंभर गाईंची सरासरी काढून कळपातल्या विविधतेचं चित्र रंगवायचं असेल तर दोन-चार चुकीची अक्षरं त्यात विरघळून जातील. पण एकेका जनावराबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर नाही. मार्टिनिक बेटावर ब्राह्मन गाईंमध्ये डर्माटोफायलोसिस या त्वचारोगाने थैमान घातलं होतं. तिथे मयार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीआरबी३ आणि त्याच भागातलं डीक्यूबी हे जनुक यांचा एक हॅप्लोटाइप (एकत्र वारशाने येणारी ॲलीलची जोडी) रोगाला बळी पडण्याशी जोडून दाखवला आणि तो वाहणारी जनावरं पैदाशीतून वगळली. ५ वर्षांत रोगाचं प्रमाण ७६ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आलं. हे काम वाचताना मला दर वेळी त्या कालवडीची आठवण होते. अशा योजनेत अर्धवट कापलेल्या एका नळीमुळे धडधाकट जनावर पैदाशीतून बाहेर जाऊ शकतं, आणि पुढे ते कुणाला कळणारही नाही. शिवाय तिथे एका डीआरबी३ ने भागलं नाही, डीक्यूबीही पाहावं लागलं, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. एकाच ॲलीलच्या मागे लागून कळपातली बाकीची विविधता घालवू नये, ही माझी जाता जाता विनंती. आज नको वाटणारा ॲलील उद्याच्या रोगाला उपयोगी पडेल का, ते आज ठरवता येत नाही.

काही गोष्टी दोन्ही पद्धतींना सारख्याच लागू आहेत, त्यामुळे निवड करताना त्यांचा बाऊ नको, पण विसरही नको. मूळ पीसीआर तेच. प्रायमर, म्हणजे पीसीआरची सुरुवात करून देणारा छोटा डीएनए तुकडा, ज्या जागी बसतो तिथे एखाद्या ॲलीलमध्ये फरक असेल तर तो ॲलील वाढतच नाही आणि गाय खोटी होमोझायगस दिसते. जेल ही चूक पकडत नाही आणि सिक्वेन्सही पकडत नाही. व्हॅन आइक यांच्या जुन्या प्रायमरांपैकी एचएल-०३२ तर एक्झॉनच्या शेवटच्या भागावरच बसतो, म्हणजे तो भाग तुम्ही गाईचा नव्हे, प्रायमरचा वाचता. २०११ मध्ये जपानमधल्या ताकेशिमा-आइदा गटाने एका फेरीच्या पीसीआरची सिक्वेन्सिंग पद्धत दिली. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ती जरूर पाहावी. दोन फेऱ्यांच्या पीसीआरमध्ये नळ्या दोनदा उघडाव्या लागतात आणि एका गाईचा थेंब दुसरीत जायची भीती दुप्पट होते. आणि कळपात होमोझायगस गाई अपेक्षेपेक्षा जास्त निघाल्या तर ‘अंतःप्रजनन’ असा शिक्का मारण्याआधी प्रायमर बदलून पाहा.

वशिंडाच्या जातींवर, म्हणजे बॉस इंडिकसवर काम असेल तर तराजू आणखी थोडा सिक्वेन्सकडे झुकतो असं मला वाटतं. आरएफएलपीची यादी मुख्यतः युरोपीय वंशाच्या जातींवर उभी राहिली. वशिंडाच्या गाईंत त्या यादीत न बसणारे नमुने येतात, आणि तेव्हा हा नवा ॲलील आहे की अर्धवट कापलेला जुना, हा प्रश्न दर वेळी नव्याने उभा राहतो. सिक्वेन्समध्ये नवा ॲलील नवा म्हणूनच दिसतो. म्हशींवरही हेच प्रायमर चालतात, पण तिथे गाईंच्या आरएफएलपी क्रमांकांवर विसंबू नये.

एसएनपी चिपबद्दल, म्हणजे एकेका अक्षराच्या फरकांचे हजारो मार्कर एकदम तपासणाऱ्या चिपबद्दल, विचारणा होते म्हणून थोडक्यात. सुमारे ५४ हजार मार्करची चिप असो की ७ लाख ७७ हजारांची, ती गुणसूत्र २३ वरच्या या भागाचा ढोबळ नकाशा देते. डीआरबी३ चा नेमका ॲलील तिच्यातून थेट वाचता येत नाही. आजूबाजूच्या मार्करवरून अंदाज बांधावा लागतो, आणि त्यासाठी त्याच जातीची, आधी सिक्वेन्स केलेली जनावरं संदर्भाला लागतात. कळपाची चिप आधीच झाली असेल तर ती माहिती वाया घालवू नका, पण फक्त डीआरबी३ साठी चिप करायला जाऊ नका.

नव्या पिढीच्या सिक्वेन्सिंगचं वेगळं आहे. तिथे प्रत्येक रेणू सुटा वाचला जातो, त्यामुळे दोन ॲलील एकावर एक छापले जाण्याचा प्रश्नच मिटतो. शेकड्यांनी नमुने एकदम असतील तर मी स्वतः तिकडेच वळेन. माझा त्यातला अनुभव थोडा आहे, म्हणून ठाम बोलत नाही. एक मात्र मी पाहिलं आहे: पीसीआर चालू असताना अर्धवट राहिलेला एका ॲलीलचा धागा दुसऱ्यावर जाऊन पुढे वाढतो आणि दोघांची सरमिसळ झालेला तिसराच, खोटा ॲलील थोड्या प्रमाणात दिसायला लागतो. पीसीआरची चक्रं कमी ठेवली तर हे कमी होतं. आणि एमएचसीच्या वर्ग १ ची जनुकं (डीआरबी३ वर्ग २ मधलं) पाहायची असतील तर ती गोष्टच निराळी. तिथे एका हॅप्लोटाइपमध्ये किती जनुकं चालू आहेत तेही गाईगणिक बदलतं, त्यामुळे वर तुलना केलेल्या दोन्ही पद्धती तिथे अपुऱ्या पडतात.

मग आरएफएलपी कुणी करावं? विद्यार्थ्यांचा हात बसवायचा असेल त्यांनी जरूर. ज्यांच्याकडे त्याच क्रमांकांत केलेली जुनी मालिका आहे आणि तीच पुढे न्यायची आहे त्यांनीही, पण निदान दर दहातला एक नमुना सिक्वेन्स करून ताळा घ्यावा. ज्या कुटुंबात आई-बाप दोघांचेही ॲलील आधीच पक्के माहीत आहेत आणि वासराने कोणता उचलला एवढंच पाहायचं आहे, तिथेही जेल पुरेसं आहे. चूक झाली तर पालकांवरून लगेच कळते. आणि जिथे सिक्वेन्सिंगची सोय खरोखरच आवाक्याबाहेर आहे, तिथे काहीच न करण्यापेक्षा आरएफएलपी कधीही बरं. फक्त प्रत्येक हेटेरोझायगस निकाल नव्या एन्झाइमने, रात्रभर ठेवून, दुसऱ्यांदा तपासा. यात वेळेची बचत बरीचशी संपते हे मला कबूल आहे. माझ्या बाबतीत तरी तसंच झालं: दुसऱ्या फेरीचे जेल मोजले तेव्हा लक्षात आलं की तेवढ्या दिवसांत सिक्वेन्सचा निकाल येऊन वाचूनही झाला असता.

बाकी सगळ्यांना, विशेषतः निकालावरून कुठलं वासरू ठेवायचं आणि कुठलं नाही हे ज्यांना ठरवायचं आहे त्यांना, माझं सांगणं सिक्वेन्सिंगच्या बाजूने आहे. सुरुवात करताना पहिले दहा-बारा नमुने आई, बाप आणि वासरू अशा त्रिकुटांचे घ्या. रक्त ईडीटीएच्या नळीत काढा, हेपॅरिनच्या नाही; हेपॅरिन पीसीआरला अडवतं. दोन्ही बाजूंनी वाचा. त्रिकुटांचे निकाल एकमेकांशी जुळले की मग बाकीच्या कळपाकडे वळा. आणि एखादं वासरू जुळलं नाहीच, तर गोठ्यातली नोंदवही मागायला जाण्याआधी तो नमुना नव्या नळीपासून पुन्हा करून पाहा.